गच्ची कोणाची?

संध्याकाळी झारी घेऊन वर गेलो, तर गच्ची आमची राहिलेली नव्हती. प्लास्टिकचा कागद अंथरलेला, चारी कोपऱ्यांवर विटा आणि वर पांढऱ्याशुभ्र कुरडया. कुंड्या सगळ्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला सरकवलेल्या. कढीपत्त्याचं आणि गवती चहाचं काही बिघडत नाही, पण मोगरा? ऐन चैत्रात, कळ्या धरलेल्या असताना, तो सावलीत?

"आई, मोगऱ्याला ऊन लागतं."

"आणि कुरडईला?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. झाडांच्या बाबतीत आईचा निकष एकच: फोडणीत जातं का, चहात जातं का, निदान देवाला चालतं का. मोगरा तिसऱ्या कलमाखाली कसाबसा बसतो. जास्वंद बसतेच. माझं हौसेनं आणलेलं निवडुंग मात्र तिच्या लेखी घरात राहून भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखं आहे.

गहू तीन दिवस भिजत होते. रोज पाणी बदलायचं, तरी तिसऱ्या दिवशी घरात तो आंबूस वास भरतोच. मुलगी नाक दाबून फिरते, बायको खिडक्या उघडते, आई म्हणते, "वास आला म्हणजे गहू झाला." मग वाटणं, पिळणं, फडक्यातून गाळणं. चोथ्यात तीळ, लसूण, तिखट घालून त्याच्या वड्या थापायच्या. रात्रभर चीक खाली बसू द्यायचा आणि सकाळी वरची निवळी हलक्या हातानं ओतून टाकायची. खरी परीक्षा त्यानंतर. मीठ-हिंगाच्या उकळत्या पाण्यात एका हातानं चिकाची धार, दुसऱ्या हातानं हाटणं. हात थांबला की गुठळी. वाफ येऊन चीक काचेसारखा दिसायला लागला की आई सोऱ्या मागते, आणि मी वाटी.

कारण माझं ठाम मत आहे की हा सगळा खटाटोप चिकासाठी असतो. खाऊन उरेल त्याच्या कुरडया. गरम चीक, वर कच्चं तेल, थोडं तिखट. बायको दूध-साखर घालून खाते. पत्रिका जुळवताना लोक नाडी बघतात, गण बघतात. हे कोणी विचारत नाही.

लहानपणी आम्ही जुन्या नाशकात, वाड्यात राहायचो. वाळवण पडायचं वरच्या धाब्यावर, आणि राखणीला आम्ही पोरं. हातात काठी, डोक्यावर आजोबांची काळी छत्री आणि एकच काम, कावळे हाकायचे. दुपारी तीनच्या सुमाराला कुरडई वरून कडक आणि पोटात ओली असते. ही तिची सगळ्यात चांगली अवस्था, पण पाककृती सांगणाऱ्यांना तिचा पत्ता नसतो. कडेची एक उचलायची. मग रांग वाकडी दिसते म्हणून शेजारची. मग ती रांगच संपवलेली बरी. संध्याकाळी आजी वर यायची, कागदावरच्या रिकाम्या जागा बघायची आणि म्हणायची, "यंदा कावळे फार झालेत." कोणाकडे बघायची नाही. दुसऱ्या दिवशी राखणीला पुन्हा आम्हीच.

वाड्यात एक नियम पक्का होता, रंगपंचमी झाल्याशिवाय वाळवण वर न्यायचं नाही. कुठे कुठे लोक धुळवडीलाच रंगून मोकळे होतात, पण नाशिकचा रंग पंचमीचा. पेशव्यांच्या काळातल्या रहाडी, ते रंगाचे दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली फळ्या आणि मातीनं झाकलेले असतात. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या जातात, आणि नवख्या माणसाला आपण हौदावर उभे आहोत याचा पत्ताही लागत नाही. पंचमीला त्या उघडतात. तिवंध्याची रहाड आमच्यापासून जवळ. रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारून आलेला माणूस त्या दिवशी जिन्याला, भिंतीला, पाण्याच्या माठाला, कशालाही टेकू शकतो. आजीला ते माहीत होतं. एकदा काकाच्या सदऱ्याचा रंग दोरीवरून टपकून सांडग्यांवर पडला होता. ते केशरी सांडगे तिनं तळून त्यालाच वाढले. चांगले लागले म्हणतो तो.

पंचमी उलटली की वाळवणाला भीती फक्त आभाळाची. गेल्या वर्षी कुरडया जेमतेम सुकत आल्या होत्या आणि त्र्यंबकच्या बाजूनं ढग चढले. आम्ही परातीत, ताटात, मुलीच्या ओढणीत, मिळेल त्यात भरून खाली पळत होतो. आई जिन्यात मध्येच थांबली. "दिंडोरीला फोन लाव."

दिंडोरीला मामा. त्याचा थॉमसन द्राक्षांचा शेवटचा प्लॉट अजून वेलीवर होता. ऑक्टोबरच्या छाटणीपासून चार महिने आणि वर, फवारण्या, विरळणी, घडांवर कागद, सगळं करून गोडी भरलेली. अशा वेळी पाऊस लागला की मणी तडकतात. गारांचं तर विचारूच नका. मामा एरवी मोठा गप्पिष्ट. संक्रांतीला आला तेव्हा माझा मोगरा बघून हसला होता, कात्री मागून त्यानं तो पार खुंटापर्यंत आणला आणि "आठ दिवस पाणी तोड, ताण बसू दे, मग बघ," म्हणाला होता. त्या दिवशी फोनवर तो म्हणाला, "इकडे अजून नाही काही."

"व्यापारी येऊन गेला का?"

"परवा येतो म्हणालाय."

"परवा कशाला? उद्याच बोलव," आई म्हणाली. जणू ते त्याच्या हातात होतं.

आमच्याकडे चार थेंब पडले, पुन्हा ऊन आलं. कुरडया परत वर गेल्या. दिंडोरीकडे रात्री गारा झाल्या. मामानं वेलीवर राहिलेला माल पडेल त्या भावात दिला आणि एप्रिलात खरड छाटणीला, म्हणजे हंगामानंतरच्या छाटणीला, लागला. आईनं त्याच्याकडे कुरडयांचा डबा पाठवला, दरवर्षीपेक्षा मोठा. त्यानं फोनवर कुरडया पोचल्याचं सांगितलं. द्राक्षांबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.