मोठ्या लेकाला परदेशातून घरी आणताना : माझा अनुभव

तान्हं बाळ दत्तक घेतलेल्यांचे अनुभव बरेच वाचायला मिळतात, पण मोठं मूल आणि तेही दुसऱ्या देशातून, याबद्दल मराठीत मला तेव्हा काहीच सापडलं नव्हतं, म्हणून लिहितेय. आमचा लेक घरी आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याचं नाव, देश लिहिणार नाही. ती त्याची गोष्ट, मोठेपणी वाटलं तर तो सांगेल. मी फक्त आमच्या बाजूचं सांगते.

आधी कागदांचं उरकते. दोन्ही देश १९९३ च्या हेग करारात (एका देशातून दुसऱ्या देशात मूल दत्तक देण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) असले की सगळं दोन्हीकडच्या सेंट्रल ऑथॉरिटीमार्फत, म्हणजे हे काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेमार्फत होतं. आधी तुमची होम स्टडी (घराची, कुटुंबाची पाहणी), मग मुलाचा रिपोर्ट, मग कलम १७ प्रमाणे दोन्ही देशांचा होकार, आणि तो येईपर्यंत मूल ताब्यात मिळत नाही. आम्हाला यात अडीच वर्षं लागली. वाट बघता बघता पोलीस व्हेरिफिकेशनची मुदत संपली, मेडिकलची संपली, ते सगळं परत काढून परत अपोस्टिल केलं (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का). वैताग येतो, रडूही येतं, पण हे नियम मुलं विकली जाऊ नयेत म्हणून आहेत हे कळलं की राग कमी होतो. माझा तरी झाला.

दोनदा जावं लागलं. पहिल्यांदा भेटायला आणि कोर्टासाठी, दुसऱ्यांदा आणायला.

पहिल्या भेटीत संस्थेच्या बैठकीच्या खोलीत तो आला आणि खुर्चीच्या कडेला बसला, पाय जमिनीला टेकत नव्हते. आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की संस्थेत वाढणाऱ्या मुलांची उंची साधारण दर तीन महिन्यांमागे एक महिना मागे पडते, त्यामुळे वयावर जाऊन कपडे घेऊ नका. आणि कपडे तर आपल्यालाच न्यायचे होते, कारण तिथे मुलाच्या अंगावरचं सगळं संस्थेचं असतं, निघताना उतरवून ठेवायचं, ते पुढच्या मुलाला होतं. म्हणून मी वहीचा कागद जमिनीवर ठेवला, त्याला त्यावर उभं केलं आणि पावलाभोवती पेन फिरवलं. त्याला गुदगुल्या झाल्या, तो हसला, त्या अख्ख्या आठवड्यात तेवढंच एकदा. मग त्याने पेन घेतलं आणि माझ्या पावलाचा आकार काढला, शेजारीच, त्याच कागदावर.

कोर्टात न्यायाधीशांनी आमच्यापेक्षा जास्त वेळ त्याच्याशी बोलण्यात घालवला. मुलाचं वय आणि समज बघून त्याच्या इच्छेचा विचार व्हायलाच हवा हे करारातच आहे, कलम ४. दुभाषी बाई आम्हाला हळू आवाजात सांगत होत्या. यांच्याबरोबर जायचंय का विचारलं तर तो हो म्हणाला, मग म्हणाला, पण मी परत येऊ शकतो का. माझा जीव गोळा झाला. नवऱ्याने दुभाषी बाईंना सांगितलं, त्याला सांगा भेटायला नक्की आणू. हे वचन अजून पुरं करायचंय, पैसे बाजूला टाकतोय.

दुसऱ्या खेपेला मात्र आमची चूक झाली. आम्हाला वाटलं होतं की लवकर बाहेर पडलं म्हणजे त्याला कमी त्रास होईल. सह्या केल्या, कपडे बदलले, बूट घातले (एक नंबर मोठे घेतले होते, बरोब्बर बसले) आणि वीस मिनिटांत गाडीत. मागे स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभ्या होत्या, त्या नुसत्या बघत राहिल्या. त्याने काचेला तोंड लावलं, रडला नाही, काही नाही. रात्री खोलीत बूट काढेना. कसंबसं समजावल्यावर काढले आणि उशीच्या अभ्र्यात घालून त्यावर डोकं ठेवलं. ताटातलं थोडंसं खायचंही तिथेच ठेवलं होतं. आम्ही काही बोललो नाही, उलट उशाशी एक डबा भरून ठेवायला लागलो, कधीही हात घालता येईल असा. कोणी विचारलं तर मी हेच सांगते, लपवलेलं खाणं काढून घेऊ नका, रागावू नका.

मग सर्टिफिकेटमध्ये घोळ निघाला. कलम २३ चं सर्टिफिकेट म्हणजे ज्याच्यामुळे त्याचं दत्तक आपल्या देशात आपोआप मान्य होतं ते, त्यात त्याच्या मधल्या नावाचं एक अक्षर चुकलं होतं आणि नव्या पासपोर्टवर बरोबर होतं. जुळत नाही म्हणून व्हिसा अडला. तिकिटं बदलली, सहा दिवस अडकलो. पहिल्या दिवशी मी त्या ऑफिसच्या जिन्यात बसून भडाभडा रडले, खरंच सांगते. (तुम्ही प्रत्येक कागद हातात पडल्या पडल्या तिथेच पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा, घरी जाऊन नाही.)

पण ते सहा दिवस मिळाले म्हणून आम्ही परत संस्थेत गेलो. तो नको म्हणेल असं वाटलं होतं, तर तो गाडीतून उतरून थेट स्वयंपाकघराकडे पळाला आणि त्या बाईंच्या पोटात तोंड खुपसून हमसून हमसून रडला. त्याच पहिल्यापासून त्याला सांभाळत होत्या. आम्हाला मिळालेल्या रिपोर्टमध्ये त्यांचं नावही नव्हतं! त्या दिवशी त्याच्या पलंगाचा फोटो काढला, खिडकीतून काय दिसतं त्याचा काढला, मित्रांचे, शाळेच्या वाटेचे काढले. बाईंनी त्याचा पहिला दात कधी पडला, ताप आला की तो काय बडबडतो, कुठल्या गाण्याने झोपतो, सगळं सांगितलं, मी फोनवर रेकॉर्ड केलं, गाणंसुद्धा. मुलाच्या मुळाची माहिती जपायची जबाबदारी त्या देशावर असते, पण फाईलमध्ये गाणं नसतं ना. नंतर ही मुलं पहिली भाषा फार लवकर विसरतात, आमचाही काही महिन्यांत विसरायला लागला, ते रेकॉर्डिंग लावलं की अजून ओठ हलतात.

त्या दिवसापासून रात्री रडायला लागला. दुभाषी बाई म्हणाल्या, घाबरू नका, आता तो तुमच्यासमोर रडतोय.

विमानतळावर सिक्युरिटीला बूट काढायला सांगितले. याचा चेहरा पांढराफटक. त्याच्या दृष्टीने बूट ट्रेमध्ये जाणं म्हणजे परत देणंच. तो दोन्ही हातांनी बूट धरून खाली बसला, मागे रांग तुंबली, लोक चुकचुकायला लागले, नवरा अधिकाऱ्यांना हातवारे करून सांगतोय. मला त्याच्या भाषेतले तीस-चाळीसच शब्द यायचे. मी माझे बूट काढले, ट्रेमध्ये ठेवले, त्याला दाखवलं, पलीकडे बोट करून "तिथे, परत" एवढंच म्हणाले. तो बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिला. मग त्याने आपले काढले आणि माझ्या बुटांना चिकटून ठेवले, वेगळा ट्रे घेऊ दिला नाही. पलीकडे गेल्यावर पट्ट्यासमोर उभा राहिला, ट्रे आला तेव्हा आधी माझे उचलून मला दिले.

विमानात तो बूट घालूनच झोपला, पाय माझ्या मांडीवर. पाय अवघडले होते पण नाड्या सोडायची माझी हिंमत झाली नाही.