नमुना अवकाश

दहावीच्या बीजगणितात संभाव्यता हे पाचवं प्रकरण. चौथ्यात जीएसटी भरून दमलेल्या पोरांना विरंगुळा म्हणूनच ते तिथे ठेवलं असावं. नाणी, फासे, पत्ते, पिशवीतले रंगीत चेंडू, सगळा खेळाचाच पसारा. शब्द मात्र भारदस्त. 'यादृच्छिक' म्हणताना माझ्या भाचीची जीभ दर वेळी एकदा घसरते. 'नमुना अवकाश', म्हणजे घडू शकणाऱ्या सगळ्या निष्पत्तींचा संच, मात्र तिला भलताच आवडला. आमच्याकडे 'काय नमुना आहे!' हे कौतुकानं कुणालाच म्हणत नाहीत, त्यामुळे दिवाळीला सगळे जमले की आपलं घर म्हणजे नमुना अवकाश, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं.

पत्त्यांच्या गणिताला ती अडली. चांगल्या पिसलेल्या 52 पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तो चित्राचा असण्याची संभाव्यता किती? पोरीनं कॅट हातात धरलेलाच नाही, किलवर म्हणजे काय इथपासून सुरुवात. आई पलीकडे शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तेरात तीन." भाची बघतच राहिली. "अगं, इस्पिकची पानं तेरा, त्यात गुलाम, राणी, राजा. बाकी तिन्हींचं तेच. बावन्नपर्यंत जायचंच कशाला?" हरतालिकेच्या जागरणाला मेंढीकोट खेळून जे शहाणपण येतं, त्याला बारा छेद बावन्न लिहून संक्षिप्त रूप द्यावं लागत नाही.

खरी लढाई नाण्यांवर झाली. दोन नाणी फेकली, तर एक छापा नि एक काटा पडण्याची संभाव्यता किती? तिचं उत्तर एक तृतीयांश, पुस्तकाचं एक द्वितीयांश.

"तीनच गोष्टी होऊ शकतात ना मावशी? दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एकेक. यांनी छापा-काटा नि काटा-छापा असं एकच दोनदा लिहून ठेवलंय!"

मी शाळेत असताना ते मुकाट्यानं दोनदा लिहिलं होतं. मार्क पूर्ण मिळाले, प्रश्न पडला नाही. आता पर्समधून एक दहाचं पिवळ्या कडेचं नाणं काढलं, एक रुपयाचं. दहाचा छापा नि रुपयाचा काटा ही एक गोष्ट, उलट झालं तर दुसरी. आहेत की नाही वेगळ्या?

"ही नाणीच वेगळी आहेत म्हणून. दोन्ही रुपयाची घे की."

बिनतोड होतं. उत्तर सुचायला मला चहा लागला. नाणी सारखी दिसली तरी असतात दोनच. आपल्याला ओळखू आली नाहीत म्हणून त्यांचं एक होत नाही. जुळ्यांची शिक्षकांनी कितीही गल्लत केली तरी आईला डबे दोनच भरावे लागतात. हे तिला अर्धवट पटलं.

मग तिला गॅलिलिओची गोष्ट सांगितली, कारण तिच्यासारखंच कोड्यात पडलेले जुगारी त्याच्या काळी होते. तीन फाशांची बेरीज 9 व्हायला आकड्यांच्या सहा जोडण्या, 10 व्हायलाही सहाच. तरी खेळणाऱ्यांना दिसत होतं की 10 जरा जास्त वेळा पडतं. गॅलिलिओनं फासे वेगवेगळे धरून सगळ्या 216 निष्पत्ती मोजल्या, तर 9 च्या निघाल्या 25 आणि 10 च्या 27. तीन-तीन-तीन एकाच रीतीनं पडतं, एक-दोन-सहा सहा रीतींनी. मला यात गॅलिलिओपेक्षा त्या जुगाऱ्यांचंच नवल वाटतं. 216 मध्ये दोनाचा फरक नुसत्या खेळून कळायचा, म्हणजे किती रात्री बसले असतील!

आणि द'आलंबेरसारखा मोठा गणितीसुद्धा 1754 साली फ्रेंच विश्वकोशात घसरला होता. दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता त्यानं दोन तृतीयांश मानली. पहिल्याच फेकीला छापा आला की डाव संपला, म्हणून शक्यता तीनच, असं त्याचं म्हणणं. खरं उत्तर तीन चतुर्थांश. हे ऐकून भाचीला आपण बऱ्या संगतीत आहोत असं वाटलं आणि ती आणखी हट्टाला पेटली. "फेकूनच बघू. चाळीस वेळा."

रुपयाची दोन नाणी घेतली. सिंह दिसले की छापा, आकडा दिसला की काटा, हे आधी ठरवून घेतलं. आई रेघा मारायला बसली. पाच झाल्या की आडवी रेघ, दुधाच्या हिशेबासारखी. विसाव्या फेकीपर्यंत 'एकेक'चा रकाना सरळ पुढे निघून गेला नि भाचीचा आवाज बसत गेला. मध्येच चार वेळा लागोपाठ काटा-काटा पडलं तेव्हा तिला पुन्हा उकळी फुटली.

शेवटच्या फेकीला एक नाणं घरंगळत कपाटाखाली गेलं. आईनं झाडूच्या दांड्यानं ओढलं, तेव्हा त्याबरोबर जळमटं आली नि लुडोची हरवलेली हिरवी सोंगटी. नाणं छापा दाखवत होतं.

"हे धरायचं नाही," भाची म्हणाली, "ओढताना उलटलं असेल."

एकोणचाळीसच धरल्या. छापा-छापा आठ, काटा-काटा अकरा, एकेक वीस. वहीतलं एक तृतीयांश तिनं खोडलं, पण पेन्सिलीनंच.