डिझेलवर वाढणारे जिवाणू आणि सुट्टीतली नोकरी

एप्रिलमधली दुपार. परीक्षा संपल्या होत्या आणि आमच्या मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये शेकरवर, म्हणजे फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, एकाच मुलाचे दोन फ्लास्क फिरत होते. एसवायचा, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा, हा मुलगा ट्रॉम्बे कोळीवाड्यातला. बोटींच्या डिझेलचा तवंग खाडीत पुढे कुठे जातो, हा प्रश्न त्याचा स्वतःचा. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, लोक तिथे फ्लेमिंगो बघायला जातात. यानं किनाऱ्याचा काळा गाळ बाटलीत भरून आणला होता.

फ्लास्कमध्ये डिझेल आणि बुशनेल-हास हे जिवाणू वाढवायचं द्रव माध्यम होतं. त्यात नुसते क्षार असतात. कार्बन हवा तर जिवाणूंनी तो डिझेलमधूनच घ्यायचा. जिवाणू न घातलेला फ्लास्क नितळ होता, तवंग जसाच्या तसा. दुसरा मात्र चांगला गढूळलेला, तवंग फुटून बारीक थेंब झालेले, म्हणजे गाळातले जिवाणू डिझेलवर वाढले होते. पदवीच्या मुलाच्या हातून इतका स्वच्छ फरक मी क्वचितच पाहिलाय. मला बोलायला सुचेना.

"मॅडम, सोमवारपासून नाही येता येणार," तो म्हणाला. "तुर्भ्याला गोदामात काम मिळालंय. 1 जूनपासून मासेमारी बंद, बोट किनाऱ्याला. घरी पैसे लागतात."

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत वर्षाला 80,000 रुपये मिळतात, त्यातले 20,000 मार्गदर्शकाकडे करायच्या उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. पण बारावीला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात यावं लागतं. हा नव्हता. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला स्टायपेंड आहे, पण अर्ज आदल्या वर्षीच भरावा लागतो. मानखुर्दला, त्याच्या घराजवळच, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात 2004 पासून एनआययूएस हा पदवीच्या मुलांना संशोधनाची संधी देणारा कार्यक्रम चालतो. त्याचं नावही त्यानं ऐकलं नव्हतं! हुशार मुलं संशोधनाकडे वळत नाहीत, असं स्टाफरूममध्ये ऐकलं की मला राग येतो. सुट्टीत बिनपगारी काम कुणाला परवडतं?

त्याच संध्याकाळी मी प्राचार्यांकडे गेले, फ्लास्क हातात घेऊनच. गोदामाइतकेच पैसे माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून द्या म्हटलं, उपकार म्हणून नको, कामाचा मोबदला म्हणून. त्यांनी फ्लास्क उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि सही केली.

मे-जूनमध्ये त्यानं पाच प्रकारचे जिवाणू वेगळे केले. आता आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर करतोय. आणि आमच्या उन्हाळी प्रकल्पांच्या नोटिशीत पहिल्याच ओळीत आता स्टायपेंडचा आकडा असतो.