तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं लिहिलेलंच आहे, मग दिग्दर्शक कशाला?

नोटेशनवरून, म्हणजे नृत्याच्या हालचालींच्या चिन्हांतल्या नोंदीवरून, मी जुनी नृत्यं पुन्हा बसवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘सगळं लिहिलेलंच आहे ना? मग ते वाचून शिकवायचं. यात दिग्दर्शकाचं काम काय?’

वाचण्याचं काम खरंच आहे. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये मांडलेली पद्धत, म्हणजेच लाबानोटेशन, खालून वर वाचतात. मधली रेघ म्हणजे शरीराचा मध्य. तिच्या डावीकडे डावं अंग, उजवीकडे उजवं. चिन्हाच्या आकारावरून दिशा कळते, आतल्या छटेवरून पातळी, लांबीवरून वेळ. नीट वाचलं तर कोणी कधी कुठे जायचं, हे पक्कं हाती लागतं.

आता अमेरिकन नृत्यरचनाकार डोरिस हम्फ्री यांचं १९२८चंच ‘वॉटर स्टडी’ बघा. त्याला संगीत नाही. सुरुवातीला नर्तकी जमिनीवर अंग दुमडून बसलेल्या असतात आणि पाठींमधून उठलेली लाट एकीकडून दुसरीकडे सरकत जाते. पाठ किती उचलायची हे कागदावर आहे. पण मनात आकडे मोजत तेच केलं की पाठी वेळेवर उठतात आणि लाट मात्र दिसत नाही, कवायत दिसते. म्हणून मी आधी मोजणी बंद करते. शेजारणीचा श्वास ऐकायचा, तो भरत आला की आपली पाठ सोडायची, एवढंच. मग लाट कधी लवकर येते, कधी रेंगाळते. हे रेंगाळणं कुठवर चालू द्यायचं, ते मला ठरवावं लागतं. माझ्या मते या नृत्याचा जीव तिथेच आहे.

दुसरं असं की स्कोअर, म्हणजे नोटेशनमध्ये लिहिलेली नृत्याची प्रत, हाही एक साक्षीदारच. नोटेशन करणारी व्यक्ती ठरावीक नर्तकांना, ठरावीक काळात बघून लिहिते. एखाद्या नर्तकीची मान जरा तिरकी असेल, तर ती रचनेतली की तिच्या अंगातली? बॅले नर्तक निजिन्स्की यांनी आपल्याच ‘फॉन’ या बॅलेचं नोटेशन १९१५ मध्ये स्वतः केलं, तेही स्वतःच्या पद्धतीने. नोटेशनच्या अभ्यासक ॲन हचिन्सन गेस्ट आणि क्लाउडिया येश्के यांनी १९८० च्या दशकात ते उलगडलं, तेव्हा नर्तकांच्या आठवणीतून चालत आलेल्या रूपांपेक्षा ते बरंच वेगळं निघालं. अशा वेळी दोन्ही समोर ठेवून कौल द्यावा लागतो, आणि का दिला ते नर्तकांना सांगावं लागतं. नुसतं ‘असं लिहिलंय’ म्हटलं की नर्तक आज्ञा पाळतात, नाचत नाहीत.

स्कोअरपासून मी दूर जाते असं मात्र समजू नका. संचात नवी मुलगी आली की तिला मी आधीच्या मुलीचा व्हिडिओ दाखवत नाही, स्कोअरचं पान उघडते. आधीचीची लकब रचनेत मिसळायला एखादा प्रयोगही पुरतो, आणि पुढच्या खेपेला ती लकबच मूळ समजली जाते.