व्हायोला : मासेमारीतून गस्तीवर

1906 साली इंग्लंडमधल्या बेव्हर्ली येथे बांधलेली ‘व्हायोला’ ही हल बंदराच्या हेलियर कंपनीची वाफेवर चालणारी मासेमारी बोट, म्हणजे ट्रॉलर होती. या कंपनीच्या बोटींना शेक्सपिअरच्या पात्रांची नावे देत असत. त्यांचा ताफा उत्तर समुद्रात कित्येक आठवडे मुक्काम ठोकून असे, आणि मासळीची खोकी वल्ह्यांच्या होड्यांतून वेगवान जहाजांवर चढवून लंडनला रवाना केली जात. खवळलेल्या पाण्यात हे काम करणाऱ्या खलाशांना पहिल्या महायुद्धाआधीही जिवाची शाश्वती नव्हती.

ब्रिटिश नौदलाचे लक्ष या बोटींकडे बरेच आधी गेले होते. 1907 साली ॲडमिरल चार्ल्स बेरेसफर्ड यांनी पाणसुरुंग काढण्यासाठी ट्रॉलर वापरावेत असे सुचवले. सुरुंग समुद्रतळाशी बांधलेला असतो. दोन बोटींमध्ये पोलादी तार ताणून ती पाण्याखालून ओढत नेली, की त्याची दोरी तुटून तो वर येतो आणि मग गोळ्या झाडून नष्ट करता येतो. वाफेवरची विंच म्हणजे तार गुंडाळणारे यंत्र, मजबूत तार आणि कोणत्याही हवेत जड ओझे ओढत संथपणे चालण्याची सवय हे सारे ट्रॉलरवर आयतेच होते.

सप्टेंबर 1914 मध्ये नौदलाने व्हायोला ताब्यात घेतली आणि तिच्यावर तोफ बसवली. आधी शेटलंड बेटांभोवती आणि पुढे टाइन नदीच्या मुखापासच्या किनाऱ्यावर तिने गस्त घातली; पाणबुड्यांविरुद्धचे डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्बही पुढे तिच्यावर आले. 1918 साली जर्मनीच्या यूबी-30 आणि यूबी-115 या पाणबुड्या बुडाल्या, तेव्हा हल्ला करणाऱ्यांत ती होती. मात्र ‘व्हायोलाने दोन पाणबुड्या बुडवल्या’ असे म्हणणे मला पटत नाही. यूबी-30 ला धडक दिली ती ‘जॉन गिलमन’ या दुसऱ्या ट्रॉलरने, तर यूबी-115 च्या वेळी आर-29 ही वायुनौका (एअरशिप) आणि विनाशिकाही तिथे होत्या. गस्त हे मुळात अनेकांनी मिळून करायचे काम आहे, आणि त्यातला बहुतेक काळ शत्रू नजरेस न पडताच जातो.

युद्धानंतर ती नॉर्वेला विकली गेली, तिचे नाव ‘डियास’ झाले, आणि 1927 पासून ती दक्षिण अटलांटिक महासागरातल्या दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या ग्रिटव्हिकेन येथे सील-शिकारीच्या कामी लागली. 1974 मध्ये ती तिथेच धक्क्यापाशी बुडाली. 2004 मध्ये तिला वर काढून किनाऱ्याला लावण्यात आले. मूळचे वाफेचे इंजिन अजून तिच्यात आहे. तिला हलला परत न्यावे म्हणून तिथल्या लोकांनी मोहीम चालवली आहे.