पाय उचलायचा नाही

१९६७ ची पोर्शे ९११ आमच्या वर्कशॉपमध्ये हिवाळी टायर बसवायला आली होती. काम संपलं, गाडी डोंगरापलीकडे मालकाच्या घरी पोहोचवायची होती आणि त्याच पहाटे बर्फ सुरू झाला. तिला वाहून नेणारा ट्रक घाटाच्या पायथ्याशीच जागच्या जागी चाकं फिरवू लागला. मालकाला फोन केला, तर म्हणाला, "मग चालवत आणा. टायर कशाला बसवलेत?"

ट्रकचा ड्रायव्हर हबकला. "इंजिन मागे आहे साहेब. बर्फात गरकन फिरेल."

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. ९११ चं साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकांवर असतं, आणि इंजिन तर मागच्या अ‍ॅक्सलच्याही पलीकडे टांगलेलं. पण चढावर हाच भार कामी येतो. टायर अरुंद, त्यामुळे ते बर्फावर न तरंगता खालपर्यंत रुततात. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडला आणि गाडी मुकाट चढायला लागली. १९६८ मध्ये ब्रिटिश ड्रायव्हर व्हिक एल्फर्डने बर्फाळ घाटांतली मॉन्टे कार्लो रॅली ९११ घेऊनच जिंकली होती, ते उगाच नव्हे.

त्रास होता तो पुढच्या टोकाचा. नाक हलकं, त्यामुळे स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते. सुरुवातीच्या ९११ मध्ये याच कारणाने कंपनीने पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत बिडाची ११-११ किलोंची वजनं बसवली होती. पेट्रोलची टाकी पुढे असते, म्हणून निघतानाच ती मी काठोकाठ भरून घेतली होती. वळणाआधी सरळ रस्त्यावर ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, नाक दबलं की वळवायचं आणि लगेच हलका अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. चाकं लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही, ब्रेक जरा जास्त दाबला तर पुढची चाकं लॉक होतात आणि स्टिअरिंग असून नसल्यासारखं.

आणि काच! या एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने इंजिन थंड होणाऱ्या गाडीचा हीटर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालतो आणि गरम हवा इंजिनचाच पंखा ढकलतो. हळू चालवलं की हवा कमी, काचेवर वाफ. एका हाताने फडकं फिरवत होतो.

खरी परीक्षा पलीकडच्या उतारावर झाली. एका डाव्या वळणात अचानक रस्त्यावर ढासळलेला बर्फाचा ढीग दिसला. अशा वेळी पाय आपोआप उचलला जातो. पण वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला, तर भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात, त्यात इंजिनाचं ब्रेकिंग नेमकं त्याच चाकांवर येतं, आणि ते जड शेपूट पुढे यायला निघतं. १९६९ च्या मॉडेलपासून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ५७ मिलिमीटरने वाढवला, तोही याच स्वभावाला आवर घालायला. ही गाडी त्याआधीची. मी पाय होता तिथेच ठेवला. तरी मागचा भाग बाहेर सरकलाच. स्टिअरिंग उलट दिशेला थोडं फिरवलं, अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरला. क्षणभर आम्ही तिरपेच गेलो, मग मागच्या चाकांनी पकड घेतली आणि ढिगाच्या कडेने निघून गेलो.

मालक दारात उभाच होता, पण नजर माझ्याकडे नव्हती. वाकून त्याने आधी चाकांच्या कमानी पाहिल्या, कारण रस्त्यावर मीठ टाकलेलं आणि त्या काळच्या पत्र्याला गंज रोखणारा जस्ताचा थर नाही. मला आत बोलावण्याआधी त्याने पाण्याची नळी हातात दिली. गाडीचं पोट स्वच्छ होईपर्यंत आम्ही दोघं अंगणात कुडकुडत ते खारट पाणी काढत होतो.