गळ वाकवून नेला होता, तरी

शुक्रवार, रात्री साडेदहा

दोन किलो चारशे. हा आकडा मला आज कळायलाच नको होता.

दुपारपासून तोच डोक्यात बसलाय. जेवताना आईनं दोनदा विचारलं काय झालंय रे, भाकरी तशीच आहे ताटात, मी म्हटलं काही नाही, ऊन लागलं. डिसेंबरात कसलं ऊन लागतंय. हाताला अजून मरळीचा वास आहे, लिंबू चोळून धुतले, राख लावून धुतले, तरी बोटांच्या बेचक्यात तो बुळबुळीतपणा राहिलाय असं वाटायलंय.

रविवारी हिडकल धरणावर मासे पकडायची स्पर्धा आहे, आज तिथं नुसता सराव, म्हणून ठरवून गेलो होतो की आज एकही मासा काढायचा नाही. सराव म्हणजे मासे पकडणं नव्हे, हे मीच सगळ्यांना सांगत असतो. तिकडं अमेरिकेत बास माशाच्या स्पर्धा असतात, त्यातली मुरलेली माणसं स्पर्धेआधी तळ्यावर जातात खरं गळाची टोकं वाकवून जातात, नाहीतर कापूनच टाकतात. मासा येतो, आमिष तोंडात घेतो, दोरीला ओढ लागते, माणसाला कळतं की इथं आहे आणि मासा आपला सोडून निघून जातो. त्याला टोचत नाही, ओढून काढत नाहीत, म्हणून तो दोन दिवसांनी परत तोंड लावायची आशा असते. एकदा गळ लागून बाहेर आलेला मासा लगेच परत खाईल याचा भरवसा नाही. आपल्या पाण्यात बास नाही, आपली मरळ आहे, खरं स्वभाव अगदी तोच, गवतात नाहीतर बुंध्याखाली दबा धरून बसायचं आणि डोक्यावरनं काही गेलं की धाड. म्हणून त्यांचं वाचून वाचून मी हे सगळं उचललंय.

काल रात्री पक्कड घेऊन बसलो. आमिषाच्या रबरी बेडकाच्या पाठीला दोन गळ चिकटून असतात, टोकं वर. चार बेडकांची टोकं आत वाकवली, एकेकावरनं बोट फिरवून बघितलं, कुठं टोचत नाही. आणि एक बेडूक तसाच डब्यात ठेवला. एकच. हिरवा.

तो का ठेवला, हे मला स्वतःला सांगता येईना झालंय.

सकाळी लवकर जायची तशी गरज नव्हती. थंडीत मरळ सकाळी हलत नाही, पाणी जरा तापलं की मगच, अकरा ते तीन ही खरी वेळ. तरी सहालाच निघालो, काकतीच्या पुढं सगळं धुकं, सुतगट्टीच्या घाटात उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या लावून रांगेत, एकाला पण ओलांडून जाता येईना. हत्तरगीला चहा घेतला, एकट्यानं. मागच्या वर्षी तिथं दोन चहा सांगायचो. असो.

वही बरोबर होती. मे महिन्यात हिडकलचं पाणी पार उतरलेलं, हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडलेलं, तेव्हा आम्ही दोघांनी काठ पायी फिरून ती वही भरली होती. जुना बांध कुठं आहे, बाभळीचे वाळके बुंधे कुठं, ओढ्याचं पात्र कुठं वळतंय, सगळं पावलं मोजून. 51 टीएमसीचं धरण आहे, भरलं की यातलं एक दिसत नाही, नुसतं सपाट पाणी, मग ती वहीच आपले डोळे. अर्ध्या पानांवर प्रकाशचं, माझ्या स्पर्धेतल्या जोडीदाराचं, अक्षर आहे. बाण काढायची त्याची एक वेगळीच तऱ्हा आहे, टोकाला दोन रेघा मारतो. त्याचे बाण बघत बघतच फिरत होतो आज.

पहिले तीन तास काही नाही, आणि मला त्याचं वाईट पण वाटलं नाही. मासा कुठं नाही ते खोडत जाणं हाच निम्मा सराव असतो. नऊ वाजता पाण्यात थर्मामीटर सोडला, 21. उघडा काठ, खोडला. दगडाचा उतार, खोडला. पूर्वेकडचं शेवाळ दाट होतं खरं सावलीत होतं, तिथं कंसात दुपारनंतर असं लिहिलं. बारा वाजता परत बघितलं तर पाणी 24 झालेलं. आणि बारा दहाला त्या बाभळीपाशी ती वर आली.

मरळीला हवा लागते. पाण्यात नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही, मधनंमधनं वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो, आणि ज्याला बघायची सवय आहे त्याला ती तिथंच सापडते. बुंध्याच्या डावीकडं, शेवाळाला पडलेल्या भोकात, काळं थोबाड वर आलं, एक घोट, आणि पाण्यावर वर्तुळ. आवाज असा काही नाही, ओल्या कपड्यातनं बोट काढल्यासारखा. मी जागेवर खाली बसलो.

वाकवलेला बेडूक तिच्या पलीकडं टाकला, शेवाळावरनं ओढत आणला, भोकाच्या कडेला आला की थांबवला. एक, दोन. धाड. दोरी ताणली, हातात वजन आलं, मग सुटलं. वीस मिनिटं थांबलो, जागा बदलून दुसऱ्या बाजूनं टाकला, परत धाड. मग एक वाजायच्या आत तिसऱ्यांदा, या वेळी तर तिनं बेडूक खाली नेला आणि हातभर दोरी ओढली.

तीनदा. तीच जागा, तीच वेळ, तोच मासा. यापेक्षा काय पाहिजे होतं मला? वही काढायची, वेळ लिहायची, वाऱ्याची दिशा लिहायची, आणि गप उठून दुसऱ्या कोपऱ्याला जायचं. मला सगळं माहीत होतं. आणि मी डबा उघडला, हिरवा बेडूक काढला, गाठ बांधली, थुंकी लावून ओली केली, आवळली. हात थरथरले असते तर बरं वाटलं असतं आता. थरथरले नाहीत. सावकाश, नीट, रोज करतो तसं केलं सगळं.

बाहेर आली तेव्हा पहिल्यांदा तिचा डोळा दिसला. पाठ काळी, पोटाकडं मळकट पांढरी, आणि वरच्या ओठातनं गळ आरपार. हवेवर जगणारा मासा, त्यामुळं बाहेर आला तरी घाबरा होत नाही, हातात जड पडून राहते आणि तुमच्याकडं बघत राहते. काटा लावला. दोन किलो चारशे.

काठावर जाळी सुकत घातलेला अज्जा बसला होता, सकाळपासून तिथंच. तो उठून आला, मासा बघितला, मग माझ्या त्या चार बेडकांकडं बघितलं, सकाळी मीच त्याला हौसेनं समजावून सांगितलं होतं टोकं का वाकवलीत ते. म्हणाला, "इवत्त हिडद्र ऐतवारा एन हिडीती तम्मा?" आज धरलीस तर रविवारी काय धरणार. एवढंच. हसला पण नाही. मी काहीतरी बोललो, वजन बघायचं होतं म्हणून असं काहीतरी, आणि बोलतानाच वाटलं की हे खोटं आहे. वजन बघून काय करणार होतो?

ओठातनं गळ काढला, जरा फाटला. पाण्यात दोन्ही हातांत धरून ठेवली, शेपटी हलायला लागली, मग एका झटक्यात गेली. त्यानंतर तीनपर्यंत बसलो. त्या भोकात एक वर्तुळ उठलं नाही. श्वासाला पण दुसरीकडं गेली म्हणजे.

येताना गाडीवर सगळा वेळ स्वतःचीच कीव येत होती. बाकीच्यांकडं बोटी आहेत, फिश फाइंडर आहेत, पडद्यावर तळ दिसतो त्यांना, जोडीदार आहेत. माझ्याकडं काय, एक काठ, एक वही, आणि भांडून घेतलेली शुक्रवारची एक रजा. मागच्या वर्षी तीनशे ग्रॅमनं गेलं. वर्षभर मी ते तीनशे ग्रॅम घेऊन फिरतोय, गच्चीवर बादली ठेवून रोज संध्याकाळी पन्नास वेळा बेडूक बादलीत टाकतोय, खालची पोरं मोजायला येऊन बसत्यात. आणि वर्षभराचं सगळं मीच एका दुपारीत घालवलं. मीच. दुसऱ्या कुणी काही केलं असतं तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

खरं आता लिहिताना वाटायलंय की हा नुसता माशाचा विषय नाही. मला माहीत असलेली गोष्ट परत एकदा हातात घेऊन बघायची असते. दिवाळीत प्रकाशच्या घरी गेलो तेव्हाच मला कळलं होतं की तो यंदा येणार नाही. वहिनी चहा ठेवून आत गेल्या, त्याचा रॉड कपाटावर होता, त्याला कापड गुंडाळलेलं होतं. मला कळलं होतं. तरी मी सोमवारी फोन केला आणि विचारलं, आणि त्याला तोंडानं नाही म्हणायला लावलं. काय गरज होती? तो किती वेळ गप्प होता फोनवर. तीनदा दोरी ओढली होती की त्यानं, चौथ्यांदा मी गळ लावला.

पुढचं लिहवत नाही.

मघाशी जुनं काढून वाचत बसलो होतो. 1971 साली अमेरिकेत रे स्कॉटनं बासमास्टर क्लासिक ही बासची स्पर्धा पहिल्यांदा घेतली, 24 जण विमानात बसवले आणि विमान वर गेल्यावर सांगितलं की लेक मीड या तळ्याला चाललोय. तोपर्यंत एकाला पण माहीत नव्हतं. कुठली वही, कुठला सराव, कुठं उतरायचं तेच माहीत नाही. तरी त्यातला एक जण 10,000 डॉलर घेऊन घरी गेला. आधी वाचलं होतं तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली होती. आज ते विमान डोळ्यांपुढनं हलेना. एवढे कसलेले लोक, आणि काही खात्री नसताना पट्टा बांधून बसलेत.

आणि त्याच लोकांनी पुढच्याच वर्षापासून मासा मारायचा नाही, वजन करून जिवंत सोडायचा असं चालू केलं. आपल्याकडं पण तसंच आहे, म्हणून ती मरळ आहे अजून. ओठ फाटलेली, त्या बुंध्याखाली नाहीतर शंभर पावलांवर, खरं आहे. मेलेली नाही. हे मी दुपारी एकदा पण म्हटलं नाही स्वतःला, तेव्हा नुसतं गेलं गेलं एवढंच चालू होतं. मासे तसे पण एका जागी बांधलेले नसतात. वारा फिरला, थंडी वाढली, तर शुक्रवारची जागा रविवारी रिकामी असतेच, गळ लावला काय नाही लावला काय. चूक ती चूकच. पण एवढ्यानं सगळं संपलं असं नाही.

वहीत अजून दोन जागा आहेत. ते सावलीतलं शेवाळ, दुपारनंतरचं. आणि ओढा जिथं वळतो तिथं प्रकाशनं बाण काढून ठेवलाय, टोकाला दोन रेघा. दोन्हीकडं मी आज एक पण बेडूक टाकला नाही. उद्या शनिवार, मोकळा आहे, जाऊन नुसतं एकदा बघून यावं, वाकवलेलाच बेडूक घेऊन, असं संध्याकाळपासून चारदा मनात आलं. चौथ्यांदा तर गाडीची किल्ली हातात घेतली होती.

ठेवली परत. त्या जागा तशाच राहू देत. असेल तर असेल.

दोरीचं पुढचं दोन वाव कापून टाकलं, शेवाळावर घासून खरखरीत झालं होतं. नवीन गाठी बांधल्या, दाराच्या कडीला अडकवून ओढून बघितल्या. हिरव्या बेडकाची टोकं कानशीवर जरा घासली, वाकवलेले चार बेडूक काढून वेगळ्या पिशवीत घातले. रविवारी सकाळी आधी ओढ्याच्या वळणाला बसायचं, उन्हं येईपर्यंत घाई करायची नाही, दुपारनंतर शेवाळ. बाभळीकडं अगदी शेवटी, वेळ उरला तर, आणि तिथं हिरवा टाकायचा नाही, काळा टाकायचा, लांबनं.

आई आत्ताच दारात येऊन विचारून गेली, उद्या डबा पाहिजे काय रे. नको म्हटलं, रविवारी दे. दोघांपुरता देऊ काय, म्हणाली. मी वर बघितलं नाही. एकाचाच दे म्हटलं, खरं भाकरी जरा जास्त घाल, तो अज्जा असतोय तिथं.